बारा अस्सल, एक बनावट

४ मार्च

प्रिय चिमे,

हे पत्र वाचताना स्टिअरिंगवर असशील तर आधी गाडी बाजूला घे. शेजारी कोणी शिकाऊ बसला असेल तर त्याला खाली उतरव, कारण गोष्ट घरातली आहे. आईच्या नावाने मला कोणीतरी बनावट पत्र पाठवलं आहे.

मी अंदाजाने बोलत नाही. पत्र कोणाचं हे ठरवण्याचाच मला कॉलेजात पगार मिळतो. बायबलमध्ये पौलाच्या नावावर तेरा पत्रं आहेत. त्यातली सात त्याचीच, हे बहुतेकांना मान्य आहे. उरलेल्या सहांवरून विद्वान कित्येक पिढ्या एकमेकांच्या झिंज्या उपटत आहेत. त्यात मीही थोडा हात घातला आहे, पुस्तक तुमच्या कपाटात आहे, दोऱ्याची खूण अजून पहिल्या पानावरच असेल. शब्द कोणते येतात, वाक्य केवढं असतं, माणूस रागावतो कसा आणि लाडात येतो कसा, यावरून लिहिणारा ओळखायचा असतो.

आता योगायोग बघ. गेल्या चार वर्षांत मला आईची बारा पत्रं आली. हे तेरावं.

ती बारा माझ्यापुढे टेबलावर आहेत. सगळी तुझ्या अक्षरात आहेत, कारण आईची बोटं वाकडी झालीत, ती सांगते आणि तू लिहितेस. त्यात गैर काही नाही, पौलही सांगून लिहवून घ्यायचा. पण आवाज आईचाच. ‘माझ्या सोन्या’ने सुरुवात. फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून तू पत्रच लिहीत जा, असं काळजीने सांगणं. आणि मधूनच असं एखादं वाक्य की मी वर्गात विद्यार्थ्यांना सांगावं. ‘मागे बघायचंच असेल तर आरशातून बघावं, मान वळवून नाही.’ ‘चढावर थांबावं लागलं तर घाबरू नये, क्लच आणि ब्रेक दोन्हींवर विश्वास ठेवावा.’ बाबा गेल्यावर तिच्यात केवढा पोक्तपणा आला आहे, हे मी आमच्या कॉलेजात ग्रीक शिकवणाऱ्या बाईंना नेहमी सांगतो.

आणि हे तेरावं बघ. अक्षर परकं, सरळसोट, पट्टी लावून ओढल्यासारखं. मजकूर जसाच्या तसा उतरवतो:

‘गाढवा, मी लग्न करते आहे. मुलगा चांगला आहे, काचा बसवतो, कमी बोलतो. तुझ्या बापासारखा नाही, पण तसा दुसरा आणायचा कुठून. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आपल्या चर्चमध्ये आहे. तू यायचंस. तू आला नाहीस तर मी उभी राहणार नाही, आणि त्या माणसाने सूट शिवला आहे तो वाया जाईल. बाबांच्या आवडीचा उतारा तू वाचायचास. तो कोणी लिहिला हे कोणी विचारलेलं नाही, तू सांगायचं नाहीस. येताना बाबांचा करडा कोट आण. खालची सही माझ्या हातची आहे, बोटांमुळे अक्षर मोठं आलं. आई.’

चिमे, आई मला ‘गाढवा’ म्हणेल? बारा पत्रांत एकदा तरी? सत्तरीतली बाई होणाऱ्या नवऱ्याला ‘मुलगा’ म्हणेल? आणि ‘ही सही माझ्या हातची आहे’ हे तर सरळ हात दाखवून अवलक्षण. वादातल्या सहा पत्रांपैकी एकात अगदी हेच आहे: बघा, ही माझी सही. ज्याचं खरं असतं त्याला ते कशाला सांगावं लागेल? चोराच्या मनात चांदणं.

उताऱ्याचा उल्लेख करून लेखकाने आपली हुशारी दाखवली आहे. बाबांच्या स्मरणसभेचा प्रसंग गावभर झाला होता, तो कोणालाही ठाऊक असणार. त्या दिवशी मी बाबांच्या आवडीचं ते पत्र वाचण्याआधी लोकांना थोडी पार्श्वभूमी दिली, की हे पौलाने लिहिलंय असं वर म्हटलं असलं तरी बहुधा तो गेल्यावर दुसऱ्याच कोणीतरी लिहिलं. आईने उठून माईक बंद केला, कारण तो घुमत होता. त्यानंतर ती थोडी नाराज होती, पण सहा महिन्यांतच तिचं पहिलं पत्र आलं, तेव्हा तो विषय संपलाच.

कोटाबद्दल मला काही माहीत नाही.

हे काचवाले कोण, त्यांचा घरावर डोळा आहे का, आई बरी आहे ना, हे ताबडतोब कळव. तिला यातलं काही बोलू नकोस, उगाच घाबरेल.

तुझा,
दादा


१० मार्च

प्रिय चिमे,

तुझं उत्तर मिळालं. पहिलीच ओळ: ‘दादा पत्र खरं आहे गपचूप ये.’ ना विराम, ना पुरावा. इतक्या कमी शब्दांत तर तू पार्किंगही शिकवत नसशील.

तू म्हणतेस, काचवाले घराच्या खिडक्या बसवायला आले आणि आठवडाभराचं काम त्यांनी सहा महिने पुरवलं. आईला ते आवडतात. तिने त्यांना समोर बसवून पत्र सांगितलं, तू क्लासला गेलेली असताना, आणि तुला नंतर कळलं. ठीक आहे, सांगितलं असेल. पण ती सांगत होती ते आणि तो लिहीत होता ते एकच, हे कशावरून? आई इतकी वर्षं तुझ्याकडून लिहवून घेते, मग या एकाच पत्राला माणूस का बदलला? तुझ्याकडे याचं काही उत्तर आहे का? मी विचारलं की तू विषय बदलतेस. एवढ्याशा पत्रात तू दोनदा हवामानावर गेलीस.

मला तुझा संशय येत नाही, तो माझा स्वभावच नाही. पण तू काहीतरी गिळून बसली आहेस. त्या काचवाल्याची भीती वाटत असेल तर स्पष्ट सांग, मी समर्थ आहे.

फोन कर म्हणतेस. केला होता. आईने उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवला. तिचा कान खरंच गेला आहे, डॉक्टरला दाखव.

तू काही ठोस बोलत नाहीस म्हणून मला पाऊल उचलावं लागलं. मी काचवाल्यांनाच त्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर एक पत्र लिहिलं आहे, सभ्य भाषेत. त्यात एवढंच म्हटलं आहे की तुमची लबाडी तज्ज्ञाच्या नजरेतून सुटलेली नाही, माझ्या आईची शैली मी बारा अस्सल नमुन्यांवरून ओळखतो, आणि यापुढे तिच्या नावाने कागद काळे करू नका. सोबत शब्दांचा तुलनात्मक तक्ता जोडला आहे.

तुझा,
दादा


१७ मार्च

चिमे,

इतकं चिडून लिहायचं कारण नव्हतं. कागद दोन ठिकाणी फाटला आहे.

मला माणूस दुखवायचा नव्हता. तू लिहितेस, काचवाल्यांनी पत्र वाचलं, तक्ता दोनदा वाचला, घडी घालून आईच्या हातात दिला आणि म्हणाले, ‘आई आणि मुलाच्या मध्ये मी येत नाही.’ मग हत्यारांची पेटी उचलून गेले, स्वयंपाकघरातली शेवटची खिडकी तशीच उघडी टाकून. आईने भोकाला पुठ्ठा लावला आहे आणि ती कोणाशी बोलत नाही. पाळकांना निरोप गेला, की शनिवारी लग्न नाही.

‘आता तूच निस्तर,’ असं तू शेवटी लिहिलं आहेस. मी निस्तरीन. पण एका पत्राची तपासणी केली हा काही गुन्हा नाही. उद्या कोणी आईच्या नावाने घर विकायला काढलं असतं तर तूच मला म्हणाली असतीस, दादा, तू एवढा शिकलास, तुझे डोळे कुठे होते?

मन लागेना म्हणून तेराही पत्रं घेऊन ग्रीकच्या बाईंकडे गेलो. त्या माझ्या शेजारच्या खोलीत बसतात, माझ्या पुस्तकावर त्यांनीच सर्वांत कडक परीक्षण लिहिलं होतं. त्यांना म्हटलं, तुम्हीच निवाडा करा.

त्यांनी बारा वाचली आणि तेरावं वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, “तुमच्या आई गाडी चालवतात?”

मी म्हटलं, छे, ती सायकलवरही बसलेली नाही. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, “ज्या नमुन्यावरून तुम्ही हे खोटं ठरवलंत, तो नमुनाच तुमच्या आईचा नसेल तर?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. माझी पत्रं परत दिली आणि त्यांना तास होता म्हणून निघून गेल्या. मी त्यांच्याच टेबलावर बारा पत्रं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

दादा


१८ मार्च

चिमे,

क्लच.

चार वर्षं मी ते वाक्य वर्गात सांगतो आहे. ‘उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरू नये, मनाचंही तसंच आहे,’ हे मी गेल्या वर्षी दीक्षान्त समारंभात माझ्या आईचं म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या होत्या.

जिच्या बहिणीचं ड्रायव्हिंग स्कूल आहे अशा कुठल्याही माणसाला, म्हणजे ज्याची बहीण, माझं वाक्यही सरळ राहात नाही. दुसऱ्याच्या पत्रात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मी पकडतो, आणि स्वतःच्या दारात दिव्याखाली अंधार.

म्हणजे आईने मला कधी लिहिलंच नव्हतं. माईक घुमत नव्हता. फोनही तिला ऐकू येत होता. हे मला कुठेतरी माहीत असणार, नाहीतर मी इतकं मन लावून ते नाकारलं नसतं. काल मला फार वाईट वाटलं, चिमे. तुझा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग लक्षात आलं की तू एवढ्या दिवसांत सरळ उत्तर का देत नव्हतीस. आईचं पत्र खरं म्हणायचं तर तुझी बारा खोटी म्हणावी लागली असती. बिचारी हवामानावर लिहीत बसलीस.

माझ्या पुस्तकात एक प्रकरण आहे, गुरूच्या नावाने लिहिणाऱ्या शिष्यांवर. काही विद्वान म्हणतात, ती भक्ती होती, त्या काळात तसं चालायचं. मी ठणकावून लिहिलं आहे की ही शुद्ध लबाडी, तेव्हाही लबाडीच समजली जायची. पुरावे आहेत माझ्याकडे, ते मी मागे घेत नाही. पण त्या लबाडांपैकी एकीने मला बाबा गेल्यानंतरचा पहिला हिवाळा काढायला मदत केली, आणि ती कोण हे मला ठाऊक नव्हतं.

आणि कोट माझ्याकडे आहे. अंत्यविधीच्या संध्याकाळी मी तो खुंटीवरून काढला आणि बॅगेच्या तळाशी घातला. कोणी बघितलं नाही असं मला वाटलं होतं. आईने बघितलं होतं, तेव्हा काही बोलली नाही, आणि काचवाल्यांना तर माहीत असणं शक्यच नाही. बाबांच्या त्या आवडत्या पत्रातही म्हातारा पौल शिष्याला सांगतो, माझा झगा राहिला आहे, तो आण, हिवाळ्याआधी ये. मी लिहिलं होतं की झगा ही नकलाकाराची क्लृप्ती आहे, पत्र खरं वाटावं म्हणून घातलेली. असेलही. पण आईला क्लृप्ती येत नाही. तिला कोट हवा असतो तेव्हा ती कोट म्हणते.

मी येतो आहे. काचवाल्यांचा पत्ता पाठव. घराचा, दुकानाचा नको.

दादा


२१ मार्च

चिमे,

काचवाल्यांना पत्र टाकलं. पाच खर्डे फाडले. शेवटी एवढंच लिहिलं: ‘मी तज्ज्ञ आहे आणि चुकलो. पत्र माझ्या आईचंच आहे. ती मला लहानपणापासून गाढव म्हणते, मध्यंतरी मला त्याचा विसर पडला होता. कृपा करून शनिवारी सूट घालून या. आई आणि मुलाच्या मध्ये तुम्ही येत नाही आहात, मी तुमच्या दोघांच्या मध्ये आलो होतो.’ तक्ता जोडला नाही.

शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने पोचतो. स्टँडवर घ्यायला ये, पण गाडी तू चालव, तुझ्या शिकाऊला देऊ नकोस.

एक विचारायचं राहिलं. बारा पत्रांत ‘तुझी आठवण येते’ असं वाक्य होतं. ते कोणाचं? हे मला प्रबंधासाठी नको आहे.

दादा


४ एप्रिल

प्रिय चिमे,

हे पत्र मुद्दाम तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पत्त्यावर पाठवतो आहे. का, ते शेवटी कळेल. घरी नेऊ नकोस.

लग्न तू पाहिलंसच. काचवाले बोलले ती दोनच वाक्यं, एक पाळकांना आणि एक मला. मला म्हणाले, “तक्ता चांगला होता.” मी अजून ठरवू शकलेलो नाही की ते टोचून बोलले की खरंच म्हणाले. माणूस चांगला आहे. मुलगा चांगला आहे, म्हणू.

तू मागच्या बाकावरून बघत होतीस. मी वाचायला उभा राहिलो, पुस्तक उघडलं आणि पार्श्वभूमी सांगायला तोंडही उघडलं, तेव्हा आईने पहिल्या बाकावरून माईकच्या बटणाकडे एकदा नजर टाकली. मी आईला घाबरून गप्प बसलो, असं तू परतताना गाडीत म्हणालीस आणि हसत सुटलीस. थोडा घाबरलो होतोच. पण दुसरंही होतं. ‘लवकर ये’ या शब्दांपाशी आल्यावर मला तुझी पत्रं आठवली. हे कोणी लिहिलं असेल ते असो, त्याला कोणीतरी यायला हवं होतं, एवढं मला त्या क्षणी कळलं आणि पुढचं बोलण्यात अर्थ वाटेना. हे मी माझ्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत घालणार नाही. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य आहे.

आता मुख्य गोष्ट. परतीच्या दिवशी तू गाडी वळवायला गेलीस तेव्हा आई आणि मी स्टँडच्या बाकावर होतो. बाबांचा कोट तिने मांडीवर घेतला होता, काचवाल्यांना तो खांद्यात बसेल असा करून घ्यायचा आहे म्हणे. मी धीर करून म्हटलं, चिमी तुझ्या नावाने मला पत्रं लिहीत होती.

“मला माहीत आहे,” आई म्हणाली. “तुझी उत्तरं यायची की. पाकिटावर माझंच नाव असायचं.”

चिमे, टपाल सकाळी येतं आणि तेव्हा तू क्लासला असतेस. चार वर्षं माझं प्रत्येक पत्र आईने चहाच्या किटलीच्या वाफेवर उघडलं, वाचलं, चिकटवलं आणि टपालाच्या पेटीत परत ठेवलं. तू दुपारी येऊन चोरपावलांनी ते काढून न्यायचीस तेव्हा ती पडद्याआडून बघायची. तुझं एकही पत्र तिने पाहिलेलं नाही. माझ्या उत्तरांवरून तिने ओळखायचं, की चिमीने या खेपेला आपल्या तोंडी काय घातलं असेल. एका बाजूची पत्रं वाचून दुसरी बाजू उभी करायची, हे मी आयुष्यभर करत आलो. ती माझ्यापेक्षा बरी आहे, एवढंच सांगतो. फक्त क्लचचा अर्थ तिला लागला नव्हता. मी उत्तरात त्याची तारीफ केली होती, तेव्हापासून ती विचारात होती की हा काय प्रकार आहे.

मी विचारलं, मग रागावलेली असताना वाचत कशाला होतीस?

“रागावले होते ते होतेच,” ती म्हणाली. “पण तू दर पत्रात विचारायचास, बोटं कशी आहेत. ते काही चिमीने लिहिलेलं नव्हतं.”

आणि तू स्वतः का लिहिलं नाहीस, हेही मी आईला विचारलं. त्यावर ती म्हणाली की मी लिहिलं असतं तर दुसऱ्याच पत्रात भांडण झालं असतं. चिमी माझ्या नावाने माझ्यापेक्षा बरी बोलत होती, मध्ये पडून कशाला बिघडवायचं? लग्नाचं मात्र तिला सांगून चाललं नसतं, तिने ते गोड केलं असतं आणि तू आला नसतास.

तेवढ्यात तू हॉर्न दिलास. आईने माझा हात धरला आणि बजावलं, “चिमीला यातलं काही कळू द्यायचं नाही. तिला वाटू दे, मला माहीत नाही. ती थांबली तर तुला कोण लिहील? मला येणार आहे का ते ‘सोन्या’ वगैरे?”

मी कबूल केलं. शपथेवर कबूल केलं. पण कुठलं पत्र कोणी वाचलं आणि कोणी लिहिलं हे माहीत असताना तोंड मिटून बसणं मला एकदा जमलं, चर्चमध्ये. तेवढं एका वर्षासाठी पुरे.

तेव्हा आईचं पुढचं पत्र नेहमीसारखं येऊ दे. मी उत्तर तिलाच पाठवीन, आणि तू ते दुपारी काढायला जाशील तेव्हा पडद्याकडे बघू नकोस.

तुझा,
दादा

ता. क. माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस. देऊ नकोस. मी ते आईकडून आलं असं समजतो, आणि तुझ्याकडूनही.